बाबांसाठी वाढलेलं पान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या मुलालाही नाही — आणि तो आता तिशीचा आहे, आम्ही दोघं जगातलं सगळं बोलतो. तुम्हालाच का सांगतेय? देव जाणे. माफी मागायला नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

ज्याची मला लाज नाही ते आधी ऐका. सतराव्या वर्षी मला मूल झालं, लग्नाशिवाय. त्याची लाज नाही. मुलाचा बाप सुरतेला पळाला — गेला उडत. नंतर मी घर सोडलं. त्याचीही नाही. इंदुरातल्या मराठी बायकांनी तोंडं वाकडी केली असतील, तर करू देत, त्यांची तोंडं आहेत.

माझे बाबा मिलमध्ये टाइमकीपर होते, कामगारांची हजेरी मांडायचे. मिलला टाळं लागलं आणि परदेशीपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत ते नुसते बसून राहिले. त्याच साली माझं हे. आई म्हणाली, मिल गेली, आता नाक तरी राहू द्या. मग दोघांनी ठरवलं — मला विचारलं का? छे! — की मूल आईचं म्हणून वाढवायचं. आई छत्तिशीची, कुणाला शंका येणार नव्हती. आम्हा दोघींना महूला मावशीकडे नेऊन ठेवलं. बाळंतपण तिथल्याच एका छोट्या दवाखान्यात झालं. जन्माचा फॉर्म बाबांनी स्वतः भरला. आईच्या नावाच्या रकान्यात त्यांनी माझ्या आईचं नाव लिहिलं, त्यांच्या त्या सुबक, हजेरीवाल्या अक्षरात. मी पलंगावरून बघत होते. पोर माझ्या अंगावर पीत होतं आणि कागदावर मी त्याची बहीण झाले होते.

अडीच वर्षांचा होईपर्यंत तो मला ताई म्हणाला. तुम्ही ऐकलंय कधी पोटच्या पोराच्या तोंडून ताई? तो रडला की आई माझ्या हातातून काढून घ्यायची. मी काही बोलले की बाबा म्हणायचे, "तुझ्या भल्यासाठीच आहे ना बेटा." भलं! माझ्या भल्याचा ठेका कुणी घेतला होता, तर ज्यांना फक्त शेजाऱ्यांची भीती होती त्यांनी.

त्या दिवसांत राजवाड्याच्या मागे रेडिमेड कपड्यांचे कारखाने भराभर निघत होते. मी काज-बटण करायला लागले. हात बसल्यावर एका दुपारी, आई भजनाला आणि बाबा बंद मिलच्या गेटवर बाकीच्यांबरोबर बसायला गेले असताना, मी पोराला कडेवर घेतलं आणि निघाले. चिठ्ठी ठेवली नाही. काय लिहायचं होतं?

रामबागेत जोशीकाकूंची वरची खोली मिळाली. काकू विधवा, सोवळ्या, पण मनाच्या मोठ्या. त्यांचा पहिला प्रश्न — माहेर कुठलं गं तुझं? आता इंदूरची मराठी माणसं तुम्हाला माहीत आहेत. दोन वाक्यांत तुमची मावशी, तुमचं गोत्र आणि तुमच्या काकाचं ऑफिस शोधून काढतात. खरं आडनाव सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत माझं सामान रस्त्यावर आणि मी परत परदेशीपुऱ्यात, पुन्हा ताई. म्हणून सासरचं म्हणून एक आडनाव लावलं, गळ्यात खोटं मंगळसूत्र घातलं, नवरा सुरतेला आहे म्हटलं. आणि माहेर? "मानपूरचे होते. दोघंही गेले." गोत्र तेवढं खरं सांगून बसले, काश्यप.

हे खोटं मी आजही बोलेन. दहा वेळा बोलेन. त्या खोलीत माझ्या पोरानं मला पहिल्यांदा आई म्हटलं.

सहा महिन्यांनी बाबांनी कारखान्यातून माझा पत्ता काढला. सायकलवर आले, घामाघूम. काकू दारातच होत्या. कोण म्हणून त्यांनी विचारलं, आणि मी म्हटलं, बाबांच्या ओळखीचे, मिलमधले काका. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग काकूंना नमस्कार केला आणि म्हणाले, हो. एवढंच. त्यानंतर महिन्यातून एकदा यायचे, काहीबाही घेऊन. पोरालाही मी त्यांना काका म्हणायला शिकवलं. ते परत चल म्हणाले नाहीत आणि मीही त्यांना कधी जेवून जा म्हटलं नाही.

आता येते मुद्द्यावर. फिरफिर फिरतेय, कळतंय मला.

सर्वपित्री अमावस्या होती. काकू म्हणाल्या, तुला भाऊ नाही, तुझ्या आईवडलांचं पान कोण वाढणार? मुलगी असलीस म्हणून काय झालं, इथे वाढ. मी नको नको म्हटलं — पण कुठल्या तोंडानं? सकाळपासून काकूंनी माझ्याकडून सगळा स्वयंपाक करून घेतला. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, कढी. पितरांच्या जागी जेवायला देवळातले गुरुजी येणार होते. पान मांडलं आणि निरोप आला, गुरुजींना ताप आहे. काकू हवालदिल. वाढलेल्या पानावर पुरुष माणूस बसायला हवा, आता ऐन वेळी कुणाला आणू?

तेवढ्यात खाली सायकल वाजली. बाबा, हँडलला मक्याच्या भुट्ट्यांची पिशवी अडकवून.

आता नीट ऐका. मी खाली जाऊन त्यांना परत पाठवू शकत होते. वेळ होता. जिना उतरायचा आणि म्हणायचं, आज नको, उद्या या. काकूंना तर ते आलेले कळलेही नव्हते. मीच म्हटलं — काकू, काका आले आहेत ना. त्यांना बसवू या.

मी म्हटलं.

सगोत्र माणूस चालत नाही, म्हणून काकूंनी त्यांना गोत्र विचारलं. बाबा दारात उभे होते. त्यांनी पाट बघितला, पान बघितलं, माझ्याकडे बघितलं. हुशार माणूस, क्षणात समजले. कुणाचं पान आहे हेही त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, वसिष्ठ. ते आईच्या माहेरचं गोत्र. पाय धुतले आणि बसले.

काकू म्हणाल्या, पाणी सोड आणि नावं घे. मी काकूंना वडलांचं नाव कधी सांगितलेलं नव्हतं. काहीही सांगू शकत होते, रामभाऊ, श्यामभाऊ, त्यांना काय कळणार होतं? मी खरं घेतलं. मधुकर. त्यांच्या समोर बसून, त्यांच्या डोळ्यांत बघून, स्पष्ट. ते हलले नाहीत. मग मी आईचं घेतलं — सुमन — आणि त्यांनी पानावरचा हात मागे घेतला. आई त्या वेळी घरी त्यांची जेवायची वाट बघत असणार.

आणि मला बरं वाटलं. हेच ते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मला इतकं बरं वाटलं की माझे कान गरम झाले. तुम्ही त्या रकान्यात मला खोडलंत ना? घ्या मग.

त्यांनी सगळं खाल्लं. पानात काही टाकलं नाही. काकूंनी शिकवलं होतं त्याप्रमाणे मी हात जोडून विचारलं, "तृप्त झालात?" ते म्हणाले, "झालो." पोराच्या डोक्यावर हात ठेवून गेले. भुट्टे तिथेच राहिले, संध्याकाळी काकूंनी त्यांचा कीस केला, आणि मीही तो खाल्ला.

माझ्या मुलाला अजून वाटतं, मिलमधले एक भले काका होते, आपल्याकडे यायचे. तो परवा त्यांचं नाव विचारत होता. मी म्हटलं, आठवत नाही.

त्या दिवसानंतर बाबा दर महिन्याला येईनासे झाले. मला वाटलं, सुटले. मग पुढच्या वर्षी, सर्वपित्रीला, बरोबर जेवणाच्या वेळी, कुणी न बोलावता ते आले. पाय धुतले आणि पाटावर बसले. काकू म्हणाल्या, बरं झालं बाई, यंदा शोधाशोध नको. मी तेव्हाही खरं सांगू शकत होते.

चार वर्षं आले. चारही वर्षं मी नाव घेतलं आणि वाढलं.