नाणं गिळणारा डबा

फोनच्या डब्यानं तुमचं नाणं गिळलं की शिवी कुणाला घालता? शेजारी बसलेल्या बाईलाच ना?

आमची मावशी इस्पितळाच्या फाटकाशी स्वतःचा नाण्याचा फोन चालवते. तिनं टेलिफोन कचेरीकडे रीतसर सार्वजनिक फोनची लाइन मागितली. पलीकडे कुणी फोन उचलला की त्या लाइनवरून इशारा येतो आणि तेव्हाच डबा नाणं घेतो. कचेरीनं घरगुती लाइन जोडून हात झटकले. त्या लाइनवर इशाराच येत नाही, फोन उचलला की नाही हे डब्याला कळत नाही, म्हणून नुसती घंटा वाजली तरी नाणं आत!

"बाई, लाइन चालू आहे ना? मग रडता कशाला?" तक्रार घेऊन गेलेल्या मावशीला कचेरीतला साहेब म्हणाला.

परवा एका बापानं खिशातलं उरलंसुरलं नाणं टाकलं. पोरगी आत अखेरच्या घटका मोजत होती, तिच्या आईला बोलवायचं होतं. घरी कुणी उचललं नाही, नाणं मात्र गेलं. "चोरटे!" म्हणत त्यानं रिसीव्हर मावशीच्या तोंडावर हाणला. तिचा डोळा गेला.

"त्याचं काय चुकलं रे?" पट्टी बांधलेली मावशी मला म्हणाली. "मार खायला कचेरी थोडीच बसते तिथं?"

सोमवारी आम्ही कचेरीच्या दारात बसतोय. तुमच्याकडे शिवी उरली असेल, तर ती घेऊन तिथं या.