नाकेदाराचा नववा नाका

ऑफिसात त्याला नाकेदार म्हणत, आणि त्याला तो स्वतःचा गौरव वाटे. काम होतंच तसं. नर्सांच्या बदल्यांची वेबसाइट त्याच्याकडे होती. कुणी अर्ज पाठवला की ती रिक्वेस्ट आत जपून ठेवण्याआधी ओळीने तपासण्यांतून जायची. या तपासण्यांना मिडलवेअर म्हणतात. तो त्यांना नाके म्हणायचा. एक नाका विचारतो, तू कोण. दुसरा नोंद करून ठेवतो. तिसरा मुदत पाहतो. प्रत्येकाने आपलं काम उरकून रिक्वेस्ट पुढे सोडायची, नाहीतर कारण सांगून तिथूनच परत पाठवायची. अर्ज साठवणारा मूळ कोड जेमतेम चाळीस ओळींचा, आणि नाके आठ. घर दोन खोल्यांचं आणि दारं आठ, असला कारभार.

यंदा त्याला नवव्याची हौस आली. एकाच कनेक्शनवरून फार रिक्वेस्ट आल्या तर थोपवायच्या. शेंडेफळाचे लाड म्हणून तो नाका सगळ्यांच्या पुढे बसवला. थोपवलेल्याला काय सांगायचं, यावर मात्र साहेबांशी वाजलं. साहेबांना वाक्यात 'कृपया' हवं होतं. हा म्हणे, आगाऊपणा करणाऱ्याला कसलं कृपया. दोन मीटिंगा झाल्या, निकाल लागेना. मग याने ती जागा रिकामी ठेवून शेजारी टीप लिहिली: वाक्य ठरल्यावर घालू. म्हणजे रिक्वेस्ट पुढेही जाणार नाही आणि तिला उत्तरही मिळणार नाही. एवढी साधी गोष्ट या दीडशहाण्याच्या ध्यानात आली नाही.

त्याची बायको दुसऱ्या गावच्या इस्पितळात नर्स होती. सहा वर्षं संसार दोन गावांत चालला होता, मुलगी आईजवळ. बदलीचे अर्ज तीन वर्षांतून एकदा घेतात. वरिष्ठांची सही तिला मिळाली ती शेवटच्या दिवशी दुपारी, आणि मुदत पाचची.

साडेतीनला तिचा फोन आला, बटण दाबलं की नुसतं चक्र फिरतंय. नाकेदाराने नोंदी उघडल्या. तिच्या अर्जाचा मागमूस नव्हता. नसणारच, कारण नववा नाका नोंदीच्या नाक्याच्याही पुढे उभा होता. तिथे अडकलेल्याची नोंद होणार कुठून? पण याने छाती काढून सांगितलं की अर्ज आलेलाच नाही, तुझं नेट खराब आहे. वर ब्राउझर बंद कर, पुन्हा उघड, पुन्हा दाब, असा उपदेश केला. ती बिचारी दाबत राहिली, आणि ती जितकं दाबे तितका नाका आवळत गेला.

पाचला दहा मिनिटं असताना तिचा पुन्हा फोन. ड्यूटी रूममधल्या अकराही जणींचं अडकलं होतं, आणि खालच्या क्लार्कबाईंनी स्वतःच्या फोनच्या नेटवरून भरलेला अर्ज मिनिटात गेला होता. वॉर्डात मात्र मोबाइलचं नेट पकडत नव्हतं, आणि वॉर्ड सोडून कुणालाच हलता येत नव्हतं. नाकेदाराने नवव्या नाक्याचा कोड उघडला. अकरा जणी, वायफाय एकच. त्याच्या नाक्याला त्या सगळ्या मिळून एकच आगाऊ माणूस दिसत होत्या.

दुरुस्ती एका ओळीची होती. पण दोघांच्या मंजुरीशिवाय कोड पुढे जायचा नाही, हा नियमही याच पठ्ठ्याने भांडून करून घेतलेला. मंजुरी देणारा एक जण चहाला गेला होता. पाच वाजून चार मिनिटांनी दुरुस्ती साइटवर चढली. अकराही जणींनी पुन्हा बटण दाबलं. या वेळी साइटने झटकन उत्तर दिलं: मुदत संपली आहे.

सातला, ती घरी पोचल्यावर, त्याने फोन करून चूक आपली असल्याचं कबूल केलं. ती रागावली नाही. त्याचीच त्याला धास्ती वाटली.

"बदली राहू दे," ती म्हणाली. "तुझं काम लॅपटॉपवरचं. तू इकडे राहायला ये. सहा वर्षं विचारतेय. हो म्हण, नाहीतर नाही म्हण. नाही म्हणालास तरी माझं मी बघेन."

नाकेदार फोन कानाला लावून उभा राहिला. तिथून करायची नोकरी, इथली खुर्ची, साहेब, बढती, सगळं त्याच्या डोक्यात रांग लावून उभं होतं. तिकडे मुलगी आईला विचारत होती, बाबा काय म्हणाले.

बायकोने आणखी थोडा वेळ वाट पाहिली.

"काहीच नाही," ती मुलीला म्हणाली, आणि फोन ठेवला.