सासऱ्यांच्या दारावरचा आकडा

मुलगी मागायला मी आठ माणसं घेऊन गेलो. "फक्त आई-बाबांना आण," असं तिनं बजावलं होतं, कारणही सांगितलं होतं. मला ती थट्टा वाटली.

माझ्या सासऱ्यांइतका सावध माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा नसेल. छावणीतल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तोफगोळ्यांत स्फोटकं भरण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. तिथं प्रत्येक खोलीच्या दारावर, आत एका वेळी किती माणसं चालतील, तो आकडा रंगवलेला असे. मोठा साहेब आला तरी कुणीतरी एकानं बाहेर व्हायचं. सासरे निवृत्त झाले आणि हा आकडाही त्यांच्याबरोबर विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये राहायला आला. स्वयंपाकघरावर दोन, हॉलवर सहा, लाल ऑइलपेंटमध्ये. सासूबाई कणीक मळताहेत, बाई भांडी घासतेय आणि लेक पाणी प्यायला आत शिरली, की हॉलमधून हाक येई, "एक कमी करा!" नायलॉनच्या साडीला घरात बंदी, कारण तिच्यातून ठिणगी उडते. निरांजन लावायचं तर आधी पडदे बांधायचे. आणि रस्त्यावर रिक्षाचं टायर फुटलं तरी यांच्या हातातला कप हिंदकळतो. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "आवाज होऊ न देण्याचाच पगार होता आम्हाला."

तर आम्ही दारात उभे. त्यांनी शांतपणे डोकी मोजली. "घरातले तिघं आहोत. तुमच्यातले तिघं या. बाकीच्यांनी जिन्यात बसा." आई, बाबा आणि मी आत गेलो. जिन्यात राहिली नारायण पेठेतली माझी आत्या. तिला विचारल्याशिवाय आमच्या घरात पडद्याचं कापडसुद्धा येत नाही.

"अहो, सोयरीक करायला आलोय, रेशनला नाही!" ती कडाडली. "चला रे, चपला घाला!"

बाबा अर्धवट उठले. त्यांची लेक चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी, चेहरा पांढराफटक. लग्न मोडलं, हे मला स्पष्ट दिसलं. ते वाचवायला मी तोंड उघडलं. "काका, त्या आकड्याचं एवढं काय? पुसला तर काय फुटणार आहे?"

सासरे उठले, बाहेर गेले आणि आत्याला म्हणाले, "ताई, माझ्या जागी तुम्ही आत जा. मी इथं बसतो."

"हे खूळ कशासाठी, ते तरी सांगाल?"

"आत माणसं जितकी कमी, तितकी जास्त संध्याकाळी घरी पोचतात. बाकी काही नाही, ताई."

आत्या आत आली नाही. शेजाऱ्यांच्या चपला सारून सासऱ्यांच्याच पायरीवर बसली आणि तिनं चहा तिथंच मागवला. हळूहळू आई-बाबा बाहेर गेले, मागोमाग सासूबाई. आमचं लग्न जिन्यात ठरलं. हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो, आणि इतका वेळ मिळूनही मला काही बोलायला सुचलं नाही.

आता सासरे थकलेत. रोज तिन्हीसांजेला फोन करतात, "सगळे आलात का?" एवढंच विचारतात. मीही आता, कधी उशीर झाला, तर त्या फोनसाठी गाडी जरा दामटतो. हे त्यांना सांगायची सोय नाही.

जिन्यात होकार कसा मिळाला, ते आत्यानं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. तिनं सरळच विचारलं होतं, "आमचा मुलगा कसा वाटला?"

ते म्हणाले, "दमट माल आहे, ताई. पेटायचा नाही. घरात ठेवायला हरकत नाही."