पिवळ्या हातात लाली दिसलीच न्हाई

थांबा, हे आत्ताच सांगून टाकते, न्हाईतर परत राहूनच जाईल. गोष्ट हळदीची हाय आन् माझ्या आईच्या बोटाची.

आमचं गाव इस्लापूरकडं. त्या साली दुष्काळ असा, की टँकरचं पाणी आधी हळद शिजवायला, मग प्यायला आन् उरलंच तर हात धुवायला. मी लातूरहून कॉलेजच्या सुट्टीत आले होते. हळदीच्या मुळ्या छाटताना आईच्या बोटात विळा घुसला. तिनं डब्यातली हळद घावात दाबून भरली, चिंधी बांधली आन् परत कामाला बसली.

म्हणलं, "आई, धू तरी आधी. इंजेक्शन घेऊन येऊ."

"हळदीत जन्म गेला माझा. हळदवालीची जखम पिकती व्हय?"

शेजारी छाटायला बसलेली आत्या हसली. "लातूरला जाऊन हळदीवरचा भरोसा घालवून आली बघा ही!"

रक्त तर थांबलंच होतं. मग मीपण परत छाटायला बसले.

रोज चिंधी सोडून बघायचो. नुसतं पिवळं. काढणीत आमचे सगळ्यांचेच हात कोपरापर्यंत पिवळे असतेत, त्यात लाली दिसणार कुठं? मग एका सकाळी आईला विळाच धरता येईना. मी हात लावला तर बोट तव्यासारखं गरम!

आबा, म्हणजे माझे वडील, हळद शिजवत होते, तिथं माणसांची आमच्या भागाचा नवा जिल्हा होणार म्हणून चर्चा चालू होती. आई म्हणली, "नवा जिल्हा झाला की दवाखाना जवळ येतो म्हणता ना? तवर थांबते."

आबा हसले न्हाईत. त्यांनी गाडी काढली.

डॉक्टरबाईंनी साबणानं हात घासून घासून धुतला. पिवळं फिकं झालं आन् लाली दिसली, पार मनगटापर्यंत गेलेली. चिरा देऊन पू काढला. म्हणल्या, "अजून थांबला असतात तर बोट काढावं लागलं असतं."

आई बारीक आवाजात म्हणली, "मग हळद खोटी का हो बाई?"

"खोटी कशाला? भाजीत टाका, दुधात प्या. पण न धुतलेल्या घावात कोंबली की घाण आतच राहते. आधी धुवा, मग इथं या."

मी लई दिवस यावर विचार केला. आई चुकली ती हळदीवर जीव होता म्हणूनच.

बोट वाचलं, पूर्ण वाकत न्हाई एवढंच. आता काढणीला बसताना आई एक कळशी भरून बाजूला ठेवते. कुणी प्यायला हात लावला की ओरडते, "ए, ती घावाची हाय!"

तुमच्या घरी झालंय का असं? हळद भरली, रक्त थांबलं, आन् सगळ्यांना वाटलं की झालं बरं? सांगा ना.