आप्पांचा उजवा पाय

दुर्गाच्या घरी दिवाणाखाली आवाज मोकळा सोडणाऱ्या सायलेन्सरचा लांबलचक पाइप होता. कपाटात जुन्या साडीत गुंडाळलेली कार्ब्युरेटरची जोडी होती आणि माळ्यावर, पापडाच्या डब्याला टेकवून, ब्रेकच्या दोन मोठ्या डिस्क ठेवलेल्या होत्या. पाहुणे दिवाणावर बसले की तिचे यजमान युवराज त्यांना सांगायचे, "पाय जरा जपून. खाली आमच्या हिचं माहेर आहे."

माहेर म्हणजे गाडी. काळी, चौकोनी, लांब नाकाची जुनी काँटेसा. दुर्गाचे वडील आप्पा बावीस वर्षं ती चालवत होते, पण ती तेव्हा त्यांची नव्हती. गिरणीच्या मॅनेजरसाहेबांची होती. कुंभारीहून आप्पा सायकलने गिरणीवर यायचे, फाटकापाशी चपला काढायचे आणि अनवाणी गाडीत बसायचे. पुढे गिरणी बंद पडली. साहेब पुण्याला निघाले तेव्हा किल्ली आप्पांच्या हातात ठेवून म्हणाले, "हिला तुझ्याशिवाय कुणाची सवय नाही." मग गाडी कुंभारीच्या पत्र्याच्या शेडमध्ये कडब्याशेजारी कितीतरी वर्षं उभी राहिली. सहा वर्षांपूर्वी आप्पा दुर्गाकडे राहायला आले तेव्हा तिने ती ओढून जुळे सोलापूरला आणली आणि चालती केली.

दुर्गा चोपन्न वर्षांची, एका कॉलेजात हेडक्लार्क. दिवसभर परीक्षेचे फॉर्म, बोनाफाईड, दाखले. मुलं तिला घाबरत. हीच बाई दुपारी डबा खाऊन झाला की खिडकीबाहेर बघत बसायची आणि तिला गाडी दिसायची. हैदराबाद रस्ता मोकळा आहे, दोन्ही बाजूंना काळी जमीन पसरलेली आहे, आणि ते लांब नाक जरा वर उचलून गाडी मोठा श्वास घेतेय. खोल, घशातून, झोपेतून उठणाऱ्या जनावरासारखा. हा श्वास तिने कधी ऐकला नव्हता, पण घरात मिक्सर बंद होता होता जो हुंकार द्यायचा त्यात तिला त्याची चाहूल लागायची. मग ती चटणीचं भांडं हातात घेऊन उगाच थांबायची. "झालं? गेलीस का फिरायला?" युवराज विचारायचे. ते चित्रकलेचे शिक्षक होते, मागच्या वर्षी निवृत्त झाले. त्यांना स्वतःला कागदावरच्या गाड्या आवडायच्या, कारण त्या जागेवर राहतात.

गाडीला ती ताकद द्यायची होती. तिन्ही वस्तू तिने एकेक करून, वर्षानुवर्षं शोधून जमवल्या होत्या. प्रश्न होता तो आधी काय बसवायचं याचा.

अक्कलकोट रोडवरच्या गॅरेजचा चन्नप्पा तिन्ही एकदम बसवायला तयार नव्हता. "एका येळेला एकच, दुर्गक्का. दोन बदलल्या आणि गाडी कुरकुर करायला लागली तर मी कुणाला धरू? एक बसवायचं, सा महिने चालवायचं, तिचं काय म्हणणं हाय ते ऐकायचं. मग दुसरं."

"सहा महिने फार होतात हो, अण्णा."

"लग्न केलं तवा किती दिवसांत नवऱ्याचं समजलं?"

"अजून नाही समजलं."

"मग? ही तर गाडी हाय."

त्याची आणखी एक रीत होती. खंडेनवमीला गॅरेजातली सगळी हत्यारं धुऊन पुजायची, त्या दिवशी पान्याला हात लावायचा नाही. आणि त्या हत्यारांच्या मधोमध एक नवीन पार्ट ठेवायचा. दसऱ्याला सकाळी पहिलं काम त्याचंच. पुजलेला पार्ट परत फडताळात टाकायचा नाही, हे त्याच्या वडिलांपासून चालत आलं होतं. या वर्षी मधोमधची जागा त्याने दुर्गाला दिली होती. "काय ते ठरवून आणा," त्याने सांगितलं होतं.

एरवी तिने एवढा विचार केला नसता. पण पावसाळ्यात आप्पांच्या हृदयाची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी दुर्गाला बाहेर बोलावून सांगितलं की आता त्यांच्या मनासारखं करा, फार पुढचं ठरवू नका. आप्पा ब्याऐंशी वर्षांचे. त्यांना काही सांगितलं नव्हतं तरी त्यांना कळलं होतं. एका संध्याकाळी भुईमुगाच्या शेंगा सोलताना म्हणाले, "यकदा कुंभारीला जाऊन येऊ गाडीतनं. दसरा झाल्यावर." मग शेंग तोंडात टाकून, "पुढच्या दसऱ्याचं कुनी बघितलंय."

म्हणजे चन्नप्पाच्या हिशेबाने पहिलं जे बसेल ते आप्पांना मिळणार. दुसरं मिळेल की नाही, कुणी सांगावं.

तिने त्यांनाच विचारलं. आप्पा खिडकीपाशी बसले होते.

"आप्पा, आधी काय बसवू? आवाजाचं, ताकदीचं का ब्रेकचं?"

"तुजी गाडी हाय."

"तुमची आहे."

"साहेबांची हाय," आप्पा म्हणाले आणि हसले. "मला काय इचारती? मी चाळीसच्या वर कदी न्हेली न्हाय. साहेब मागं झोपायचे. त्यांना जाग न येता घरी पोचवायचं, एवडंच माजं काम. दार लावल्याचा आवाज आला तर तो डायवर न्हवं."

"कधीच नाही पळवली? एकदासुद्धा?"

आप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं. "यकदा वाटलं व्हतं," ते म्हणाले. "स्टेशनावर साहेबांना सोडून मोकळी आनत व्हतो. सकाळची येळ. लई वाटलं. मग चपला काडलेल्या ध्यानात आल्या."

एवढ्यावरून दुर्गाने ठरवलं. सायलेन्सर. बावीस वर्षं दबून राहिलेला आवाज आप्पांना एकदा मनसोक्त ऐकवायचा. त्या रात्री स्वयंपाक करताना तिच्या डोळ्यांपुढे सगळं तयार होतं: कुंभारीचा रस्ता, शेजारी आप्पा, काचा खाली, आणि तो श्वास. आप्पा टोपी हाताने धरून हसताहेत. भाजी खाली लागली तेव्हा ती परत आली.

"करपलेलं वांगंसुद्धा स्पीडचंच लक्षण," युवराज म्हणाले.

"खायचं तर खा. आप्पांना माझं चालवणं आवडतं, म्हणून करतेय. सहा वर्षं शेजारी बसतात, एकदा तरी 'हळू' म्हणाले का? तुम्ही गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चार वेळा म्हणता."

हे ती सगळ्यांना सांगायची. ऑफिसात सांगायची, चन्नप्पालाही सांगितलेलं होतं. बावीस वर्षं गाडी चालवलेला माणूस मला हळू म्हणत नाही. तिचं हे प्रमाणपत्र होतं.

खंडेनवमीच्या सकाळी तिने गाडी धुवायला काढली. दारं उघडली, रबरी मॅट बाहेर ओढून फरशीवर टाकल्या, पाणी सोडलं. तिच्या बाजूची मॅट घासून झाली. डाव्या बाजूची घासताना तिला एक जागा गुळगुळीत लागली. मॅटवर उभ्या रेघा होत्या, सगळीकडे तशाच उठावदार, फक्त उजव्या अंगाला, टाचेच्या जरा पुढे, तळहाताएवढा भाग सपाट झालेला होता. तिला वाटलं, सोडा सांडला असेल. कशाने तरी जळलं असेल. तिने मॅट जागेवर ठेवून पाहिली आणि मग स्वतः डाव्या सीटवर जाऊन बसली. पाय सरळ केले. उजवा पाय बरोबर तिथे आला.

ब्रेक जिथे असता तिथे.

ती तशीच बसून राहिली. नळ चालू होता, पाणी गेटापर्यंत गेलं. सहा वर्षं. बाजारात जाताना, दवाखान्यात जाताना, प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक रिक्षा आडवी आली की आप्पांचा तो अनवाणी पाय तिच्यासाठी दाबला जात होता. तोंडाने एक शब्द नाही. मांडीवर हात, चेहरा समोर, आणि खाली पाय थकून जाईपर्यंत ब्रेक लावतोय. आणि ती गावभर सांगत होती.

"पाणी वाया चाललंय," युवराज दारातून म्हणाले. मग तिच्याकडे बघून त्यांनी स्वतःच नळ बंद केला.

"माळ्यावरच्या डिस्क काढून द्याल का?" दुर्गा म्हणाली.

"सायलेन्सर न्यायचा होता ना?"

"डिस्क द्या हो."

चन्नप्पाच्या गॅरेजात पाने, हातोड्या, जॅक सगळं धुतलेल्या चादरीवर मांडलेलं होतं, त्यांवर हळदकुंकू, झेंडूची फुलं. मधली जागा रिकामी होती. दुर्गाने तिथे डिस्क ठेवल्या. चन्नप्पाने त्यांच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"आवाजाचं म्हणत होता की, अक्का."

"आधी थांबता यायला पाहिजे."

"हौद्री, बरोबर हाय," तो म्हणाला आणि डिस्कला कुंकू लावलं.

दसऱ्याला ब्रेक बसले. चार दिवस चन्नप्पाने स्वतः गाडी चालवून पाहिली आणि रविवारी सकाळी दुर्गाने ती दारात आणून उभी केली. आप्पा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून आले. सवयीने पुढच्या दाराकडे वळले. दुर्गाने मागचं दार उघडून धरलं.

"हितं?" आप्पा म्हणाले. "हितं साहेब बसत्यात."

"आज तुम्ही."

"आगं, न्हाय जमायचं."

"बसा ना, आप्पा," युवराज म्हणाले. ते आधीच पुढे, डाव्या सीटवर जाऊन बसले होते, दोन्ही हातांनी वरची मूठ धरून. "मला इथून हळू म्हणता येतं."

आप्पांनी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि सीटच्या अगदी कडेला टेकले, कुणी येऊन उठवेल अशा बेताने. "नवं काय बसीवलंस?"

"ब्रेक."

आरशात फक्त त्यांची टोपी दिसत होती.

बंद गिरणीच्या फाटकापुढून जाताना दुर्गाने वेग कमी केला. टोपी डावीकडे वळली, फाटक मागे जाईपर्यंत तशीच राहिली. शहर संपलं. रस्त्याच्या कडेला तुरीला पिवळी फुलं आली होती, वर ढग होते आणि त्यांच्या सावल्या काळ्या रानावरून हळूहळू सरकत होत्या. गाडीच्या बॉनेटवरूनही एक सावली गेली. युवराज एकदाही हळू म्हणाले नाहीत. दुर्गाने काट्याकडे पाहिलं. चाळीस. तिने ठरवून ठेवलं नव्हतं. तिला वाटलं, ही गाडी आपण चालवत नाही आहोत, तिला रस्ता आठवतोय, आपण नुसते तिच्या आत बसलो आहोत.

वळणावर मेंढरं आली. अचानक, अख्खा रस्ता भरून, पांढरी-काळी. दुर्गाने पाय दाबला. गाडी वाकली नाही, हिंदकळली नाही, काठाला होडी टेकावी तशी थांबली. मेंढरं दोन्ही बाजूंनी वाहत गेली, त्यांची लोकर दारांना घासल्याचं आत ऐकू येत होतं. मेंढक्याने मागच्या काचेतून आत डोकावलं आणि काठी काखेत घेऊन बोट ओठांवर ठेवलं.

दुर्गाने वळून पाहिलं.

आप्पा सीटच्या मधोमध होते. पाठ टेकलेली, टोपी कलंडलेली. दोन्ही पाय वर घेऊन त्यांनी साहेबांच्या सीटवर चक्क मांडी घातली होती, आणि उजव्या पायाचा तळवा, भेगाळलेला, आभाळाकडे तोंड करून पडला होता. ते झोपले होते. छाती सावकाश वर येत होती, खाली जात होती.

"उठवू?" युवराज कुजबुजले.

"बघा तर उठवून," दुर्गा म्हणाली.

कुंभारीत पत्र्याच्या शेडपुढे गाडी उभी केल्यावर ती उतरून मागचं दार उघडून थांबली. आप्पांनी डोळे उघडले, शेडकडे पाहिलं.

"थांबली व्हय? कवा?"

"झाला थोडा वेळ."

"कळलं न्हाय की." ते चपला शोधत खाली उतरले. तिच्याकडे पाठ करून उभे राहिले, पण मान जरा कलती ठेवून. ते ऐकताहेत, हे तिला माहीत होतं. तिने दार अलगद लावलं.

आवाज आला नाही.

आप्पांनी चपला पायात सरकवल्या. "दुर्गे," ते शेडकडे चालू लागत म्हणाले, "मंग ते आवाजाचं कवा बसीवतीस? सा महिने फिहिने मला सांगू नगं. चन्नप्पाला म्हनावं, म्हातारा थांबनार न्हाय."