बेंदराच्या दिवशी दोनची वेळ

रविवार, यंदाचा बेंदूर, बैलांचा सण. आष्टा, पार्सल कंपनीची शाखा. हजर: शाखाप्रमुख म्हणून मी, टेंपोवाला आणि दुचाकीवर गावभागात पार्सलं वाटणारे दोघे. बाकीचे गैरहजर, काही रजा टाकून, काही न टाकताच. ज्यांच्या दारात बैल आहेत त्यांना मी काही बोलले नाही.

रविवारी घरपोच देण्याची सेवा सुरू झाली, पण माणसं वाढली नाहीत. शनिवारी न गेलेला माल रविवारच्या मालावर चढतो आणि सोमवारी सगळे थकलेलेच कामाला येतात. म्हणून कमी माणसं असली की मी स्वतःच टेंपोत बसते. चालवायचं टेंपोवाल्यानं, स्कॅन करणं, फोन लावणं, सह्या घेणं माझ्याकडे. साहेब लोक खुर्चीतून हलत नाहीत, मी रस्त्यावर उतरते, याचा मला चांगलाच अभिमान होता.

टेंपोवाल्यानं त्या रविवारची रजा मागितली होती. त्याचा थोरला भाऊ फौजेत आहे. भावाची सुट्टी संपली होती आणि संध्याकाळी सांगली स्टेशनवरून गाडी होती. चारला घरातून निघायचं, यानं सोडायला जायचं, असं ठरलेलं. मी म्हणाले, रजा नाही, पण दोनला मोकळा करते. शनिवारी त्याच्या आईचाही फोन आला.

"आवं मॅडम, उद्या तेवढं पोराला येळंत सोडा. दोघं भाऊ एका पंगतीला बसून लय दिस झालं. सणाचं करनार हाय."

"दोनला घरी पाठवते, मावशी. माझा शब्द."

सकाळी माल भरताना त्यानं मळ्यांतली पार्सलं बाजूला काढली. "मॅडम, हे उद्या टाकू. पावसानं वाटा लय खराब हायत."

"आकडा बघ की. कालच्यापेक्षा कमीच आहे."

"आकडा कमी हाय, व्हय. पन गावात एका गल्लीत ढीग मोकळा हुतोय. मळ्यात एका घरासाठी अर्धा शिवार फिरावं लागतंय."

दुचाकीवाल्यांपैकी एक तेवढ्यात म्हणाला, "गड्या, आज बैलाला सुट्टी हाय. तू शिंगं रंगवून यायचं व्हतंस, मॅडमनी लगेच सोडलं असतं!"

सगळे हसले. मीही हसले आणि बाजूला काढलेली पार्सलं परत टेंपोत ठेवायला सांगितली.

गावातलं काम खरोखर झपाट्यानं झालं. दोनला थोडा अवकाश असताना आम्ही फाट्यावर आलो. डावीकडचा रस्ता परत गावात जातो, समोरचा मळ्यांकडे. त्यानं टेंपो अगदी हळू केला आणि माझ्याकडे पाहिलं. उरलेला माल शाखेत परत नेऊन सोमवारवर टाकणं माझ्याच हातात होतं, त्यासाठी कुणाला विचारायची गरज नव्हती. फक्त रविवारचा शिल्लक माल वरच्या ऑफिसला दिसला असता.

"सरळ," मी म्हणाले. "पटापट उरकू."

पहिल्याच मळ्यात अंगणात बैलजोडी उभी होती. शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं. घरातल्या म्हाताऱ्या आबांनी आमच्याकडून खोकं घेतलं आणि टेंपोवाल्याकडे वरखाली पाहिलं.

"बैलाच्या मानंवर आज आमी जू ठेवत न्हाई. तुला कुनी जुंपलं रं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "वरनं आलंय, आबा. पुन्याचं हापिस."

"आनि ह्या बाईलाबी? सणाचं घर सोडून? काय मानसं म्हनायची!" आबांनी आत हाक मारली. "आगं, दोघास्नी पोळी आना!"

'मीच जुंपलंय,' एवढं बोलायला काय लागलं असतं? मी पायरीवर बसून, तुपात बुडवलेली पुरणपोळी खाल्ली. त्यानं आपली कागदात बांधून मागितली. घरी सगळ्यांबरोबर खाईन म्हणाला.

पुढं एका वाटेला पाणी साचलेलं, दुसऱ्या वाटेला मिरवणुकीचे बैल. शेवटच्या मळ्यात पार्सल ओटीपीचं निघालं. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर आकडा आल्याशिवाय ते देता येत नाही आणि घराजवळ रेंज नव्हती. घरातली सून म्हणाली, "टाकीवर चढलं की येतीया." ती पुढं, टेंपोवाला मागं. मी खाली उभी.

टाकीवर गेल्याबरोबर त्याचाही मोबाइल वाजायला लागला. थांबलेले मेसेज एकदम आले आणि पाठोपाठ फोन. खाली सगळं ऐकू येत होतं.

"निघालास?... न्हाई रं, मला न्हाई जमत. तू जा, गाडी चुकंल. ट्रंक बसली का रिक्षात?... बरं. पोचलास की फोन कर. आईला दे."

मग थोडं थांबून, "न्हाई आई, मॅडमनी सोडलं व्हतं की. दोनच्या आधीच सोडलं व्हतं. टेंपो रुतला चिखलात. व्हय. त्यांचा काय दोष न्हाई."

टेंपो कुठंही रुतला नव्हता.

सुनेनं आकडा सांगितला आणि खोकं हातात घेऊन म्हणाली, "एवढ्या चिखलातनं आज कशाला आनलं वो? मंगळवारी आलं तरी चाललं असतं."

परतताना मला काही बोलायचं होतं. मी म्हणाले, "उद्या उशिरा आलास तरी चालेल." तो म्हणाला, "बरं." कागदातली पोळी काचेजवळ होती, तूप झिरपून कागद पारदर्शक झाला होता. शाखेत आल्यावर मी शिल्लक शून्य असल्याचं वर कळवलं. शाबासकीचा अंगठा लगेच आला.

त्यानंतर मळ्यांतला माल मी रविवारी काढत नाही. वरून विचारणा होते, मी उत्तर देते. ज्यांना रजा पाहिजे त्यांना रजा देते, 'दोनला सोडते' असं कुणाला म्हणत नाही. हे जमलं. त्याला मी चुकले असंही सांगितलं. तो लाजून म्हणाला, "जाऊ द्या मॅडम, दिवाळीला येतोय की तो."

पण मध्यंतरी त्याची आई बाजारात भेटली. तिनं दोन्ही हातांनी माझा हात धरला. "तुमी सोडलं व्हतं मॅडम, तेनं सांगितलं मला. चिखल आडवा आला, तुमी तरी काय करनार?" पिशवीतल्या मेथीच्या दोन जुड्या तिनं माझ्या पिशवीत घातल्या. आणि मी म्हणाले, "हो ना, मावशी. चिखलच होता फार."

मी आठवड्याच्या कामांची यादी करते. झालेल्या कामावर रेघ मारते, राहिलेलं पुढच्या पानावर उतरवते. दुसरं कुठलंही काम एवढ्या पानांवर उतरवावं लागलेलं नाही, जेवढं हे: त्याच्या आईकडे जाणे, टेंपो रुतला नव्हता हे सांगणे. घर शाखेपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. आजही ते यादीत पहिलं होतं. किराणा आणला, विजेचं बिल भरलं, स्कूटरची हवा बघितली. तिकडं गेले नाही.