हौदाच्या बागेतली मोजणी

टेप आणायचा नाही, असं मी त्यांना दोनदा बजावलं होतं. एकदा फोनवर आणि एकदा चौकात चहा पिताना, सगळ्यांसमोर. पण नगरपालिकेत जन्म घालवलेल्या माणसाला टेपाशिवाय करमत नाही. आमचे ओव्हरसियर साहेब निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी पँटच्या खिशात पोलादी टेप असतोच. लग्नाला गेले तरी मांडव मोजून येतात.

महिन्यातून एका रविवारी सकाळी आम्ही पंधरा-अठरा जण बीडच्या जुन्या पेठेत हिंडतो. जुनी घरं बघायची, दारं-खिडक्या बघायच्या, मालकाने चहा दिला तर प्यायचा. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे बडबड माझ्याकडे. आवाज मोठा आहे आणि राग त्याहून मोठा. मधे कोणी बोललं तर मी अजूनही खडूचा तुकडा शोधते.

या गावात जुन्या घराचा इतिहास विचारला की लोक आधी तिथं कुणाचा मुडदा पडला ते सांगतात, घर बांधलं कुणी ते मागून. त्या रविवारी पहिल्याच घराच्या दारावर कुऱ्हाडीचे पाच घाव होते, सागवानात बोटभर खोल. मी मोठ्या ऐटीत रझाकारांच्या काळावर सुरू झाले. मालक पायरीवर बसून दात घासत होते. त्यांनी चूळ भरली आणि म्हणाले, "न्हाई हो बाई, ते आमच्या चुलत्यानं मारलेत. रझाकार आलते तवा दार उघडंच होतं." सगळे हसले. मीही हसले. तासाभरात काय होणार आहे ते ठाऊक असतं, तर तिथूनच सगळ्यांना घरी पिटाळलं असतं.

पुढचं घर हौदाच्या बागेचं. बाहेरून नुसती उंच भिंत दिसते, रस्त्यावरून जाणाऱ्याला आत झाड आहे याचा पत्ता लागत नाही. आत काळ्या दगडाचा आठकोनी हौद, त्याच्या चहू बाजूंनी पाण्याचे पाट, आणि पाटांच्या कडेने दोन अंजीर, डाळिंबं, कागदी लिंबू, मोगऱ्याच्या चार रांगा. हे सगळं थोरल्या सुनेच्या हातचं. मी तिला वहिनी म्हणते. ती लग्न होऊन आली तेव्हा तिथं काँग्रेस गवत आणि विंचू होते. धारूरच्या माहेराहून पदरात बी बांधून आणलेलं सीताफळ तिनं पहिल्यांदा लावलं, आणि मग तीस वर्षं ती त्या मातीतच होती.

भांडण त्या बागेचंच. घराची वाटणी झाली, पण मधली बाग राहिली. धाकट्या दिराला तिथं दुकानांची रांग काढायची होती, थोरल्याला, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याला, नव्हती. दावा कोर्टात पडला. सरकारी मोजणी दोनदा आली. पहिल्या वेळी भावांनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या, दुसऱ्या वेळी थोरल्यानं धाकट्याचं डोकं फोडलं. त्यानंतर त्या घरात टेप हा शब्द कोणी काढत नव्हतं. वहिनीला पोलक्याचं माप द्यायचं असलं तर ती शिंप्याकडे जायची, शिंप्याला घरी येऊ द्यायची नाही.

मी बाग दाखवू देण्याबद्दल महिनाभर तिच्या मागे लागले होते. शेवटी ती कबूल झाली, ते तिच्या हिशेबाने.

"चार लोकांनी बघितली, फोटू निघाले, तर तोडायला कुणाचा हात धजायचा न्हाई," ती म्हणाली. "आन् बाई, पुण्याला माझं पोरगं हाय. दर फोनला म्हणतं, एकदा येतो आन् काकाचा निकाल लावतो. मला बाग पायजे, पर मुडदा पाडून नको. तुमी नुसतं बघा. माप, हिस्सा, वाटणी, त्यातला सबूद काढू नका."

मी शब्द दिला. माझ्या तोंडाचा मला भरवसा होता. ओव्हरसियर साहेबांच्या खिशाचा नव्हता, म्हणून त्यांना दोनदा बजावलं.

आम्ही आत गेलो तेव्हा वहिनी पातळ नेसून, केसांत मोगरा माळून उभी होती. घरी पाहुणे येणार म्हणून नटलेली. थोरले भाऊ ओसरीवर पेपर वाचत होते. तिनं एकेक झाड हात लावून दाखवलं. अंजिराला हात लावताना म्हणाली, "हे लई खोडील हाय, पिकलं की पाखरांनाच देतं." बायका हसल्या. फोटो निघाले. मी हौदाकडे पाठ करून पाणी कुठून यायचं ते सांगत होते, जुने खापराचे नळ, डोंगरातला झरा. तेवढ्यात मागून खडखड असा आवाज आला.

तो आवाज ओळखायला मला मागे वळावं लागलं नाही.

"सतरा फूट चार इंच!" साहेब ओरडले. टेपाचं दुसरं टोक आमच्यातल्या, कोचिंग क्लासच्या एका सरांनी धरलं होतं आणि दुसरे सर वहीत लिहीत होते. "आता भिंतीपस्तोर धरा. लिहा, हौदाच्या कडेपासून पूर्वेची भिंत..."

"साहेब, गुंडाळा ते!" मी एवढ्या जोरात ओरडले की पाखरं उडाली. माझं ओरडणंही चुकलंच. ते ऐकून शेजारच्या गच्चीवर मशेरी लावणारा धाकटा दीर कठड्याशी आला आणि त्यानं खाली बघितलं. त्याच्या डोळ्यांनी बघा: दाव्यातल्या बागेत पंधरा-अठरा शहाणीसुरती माणसं, एकाच्या हातात टेप, एकाच्या हातात वही, नगरपालिकेचा जुना ओव्हरसियर आकडे सांगतोय, आणि इतिहासाच्या बाई पंचासारख्या मधे उभ्या. आमच्याकडे असा देखावा एकाच कामासाठी असतो.

तो मधल्या दाराने आला, हातात कुऱ्हाड. तोंडात अजून मशेरी होती.

"कुणाला इचारून मोजणी लावली बे? कावून लावली?"

साहेबांनी चष्मा सारखा केला. घाबरलेला सरकारी माणूस जास्तच सरकारी बोलतो. म्हणाले, "मोजणी नाही हो, आम्ही फक्त नोंद घेतोय."

नोंद! अरे देवा. सातबाऱ्यावर नाव चढतं ते नोंदीनं, फेरफार होतो तो नोंदीनं. ज्याचं प्रकरण कोर्टात आहे त्याच्यापुढे हा शब्द काढणं म्हणजे त्याची जमीन त्याच्या देखत दुसऱ्याच्या नावावर करणं. "नोंद घेतो व्हय?" धाकटा म्हणाला, आणि पहिला घाव अंजिरावर घातला. दुसरा, तिसरा. पांढरा चीक उडाला. मग डाळिंब, मग मोगऱ्याच्या रांगा, आडवे घाव, गवत कापावं तसे. बायका किंचाळत दाराकडे पळाल्या. एक सर वहीसकट पाटात पडले. वहिनी हलली नाही. ती नुसती "भावजी, भावजी" म्हणत होती, हळू, लेकराला जागं करावं तशी.

थोरले भाऊ काठी घेऊन उतरले, पण साहेब मधे पडले. साठी उलटलेला तो माणूस, टेप हातातच, हात जोडून रडायला लागला. "तुमच्या पाया पडतो, मला खोड आहे मापायची, कागद नाही, काही नाही, ही वही घ्या, फाडा." पाटात पडलेल्या सरांच्या हातातली भिजकी वही ओढून त्यानं फाडून दाखवली. धाकट्यानं त्या चिटोऱ्यांकडे बघितलं, मग साहेबांकडे. त्याचा हात खाली आला. कुऱ्हाड त्यानं हौदाच्या कडेला टेकवली आणि तोंडातली मशेरी थुंकली. आता तो मान खाली घालून जाणार होता. मी शाळेत हजार पोरांची भांडणं सोडवलीत, ते थांबणं मला कळतं.

आणि मी चप्पल काढली.

का, ते विचारू नका. ती मोगऱ्याची रांग बघितली आणि डोक्यात सणक गेली. मी त्याच्या तोंडावर मारली, उजव्या गालावर, आणि परत डाव्यावर. "मुडद्या," म्हटलं, "बाईच्या हातचं झाड तोडतोस?" खोटं कशाला बोलू, मारताना बरं वाटलं. हात झणझणला तेही बरं वाटलं.

बाईमाणसाची चप्पल, अठरा जणांसमोर, आणि दारातून दोन फोन शूटिंग करत होते. त्यानं कुऱ्हाड परत उचलली. माझ्यावरच उचलली होती. थोरले भाऊ मधे आले. कुऱ्हाड त्यानं तुंब्याच्या बोथट बाजूनं फिरवली की धारेकडून, ते मला त्या क्षणी दिसलं नाही. डॉक्टर नंतर म्हणाले तुंबाच लागला, म्हणून वाचले. खांद्याचं हाड मोडलं आणि कान फाटला. भाऊ हौदाच्या कडेवर पडले. पाणी लाल झालं म्हणतात तसं काही झालं नाही, रक्त दगडावरून पाटात गेलं आणि मातीत मुरलं. धाकटा कुऱ्हाड टाकून तिथंच खाली बसला आणि "दादा, दादा" करू लागला. पोलीस आले तेव्हाही तो भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्याला तसाच उचलून नेला.

भावांना रिक्षातून सरकारी दवाखान्यात नेलं. कानाला टाके घालायला आत घेतलं तेव्हा वहिनीचा फोन वाजला. शूटिंग पुण्याला पोचलं होतं. मला पलीकडचा आवाज नीट ऐकू येत नव्हता, पण एवढं ऐकू आलं: चौघं निघालोय. काका ठाण्यात असंल तर ठाण्यात. न्हाई तर त्याचं घर हायच.

वहिनीनं फोन ठेवला. विचारलं, "पुण्यावरून गाडीनं किती लागतात, बाई?"

"पाच तास. फार तर साडेपाच."

तिनं नवऱ्याच्या उशाशी नणंदेला बसवलं आणि मला घेऊन घरी आली. मधल्या दारापलीकडे धाकट्याची बायको आणि तिच्या दोन लहान मुली कडी लावून बसल्या होत्या. आतून एकीचं रडणं ऐकू येत होतं. कुऱ्हाड पोलिसांनी पंचनाम्यात नेली होती. वहिनीनं पातळाचा काचा मारला, स्वयंपाकघरातून ऊस तोडतात तसला कोयता आणला, आणि उरलेल्या अंजिराच्या बुंध्यावर घातला.

"वहिनी! अहो, काय करताय?"

"बाग हाय तवर ते भांडणार. माझं पोरगं हाय तवर मला पायजे."

मी तिचा हात धरला. तिनं झटकला. मला रडू फुटलं. म्हटलं, "वहिनी, माझ्यामुळं झालं हे. तो चालला होता."

"व्हय," ती म्हणाली. "तुमच्यामुळंच झालं. आता रडत बसू नका, फांदी धरा."

मी फांदी धरली. दुसरं काय करणार होते? कोयत्यानं झाड पडत नाही लवकर. तीस वर्षांचा बुंधा. आम्ही आळीपाळीनं घाव घातले, मग दोघींनी लोंबकळून मोडला. डाळिंबाचे काटे तळहातात शिरले. लिंबाचं झाड तोडताना वास असा आला की मी तोंड फिरवून घाव घातले. सीताफळापाशी आल्यावर ती थांबेल असं मला वाटलं. ती थांबली, कपाळ पुसलं, आणि त्यावर सगळ्यात जास्त घाव घातले. मधूनच तोंडाने शिव्या घालत होती, कुणाला ते कळत नव्हतं. दिराला, नवऱ्याला, मला, झाडाला.

उन्हं उतरताना गाडी आली, तेव्हा आम्ही दोघी हौदाच्या कडेवर बसलो होतो. पोरगा आत शिरला, त्याच्या मागे तिघं, एकाच्या हातात लोखंडी पाइप. तो सगळ्या आडव्या पडलेल्या झाडांकडे बघत राहिला.

"काकानं हे समदं..." म्हणाला आणि मधल्या दाराकडे वळला. आतलं रडणं एकदम बंद झालं.

"काकानं न्हाई," वहिनी म्हणाली. "मी."

"खोटं बोलू नको, आई."

ती उठली, त्याच्यापुढे गेली आणि दोन्ही हात पुढे केले. चिकाने बोटं एकमेकांना चिकटलेली, तळव्यावरचे फोड फुटलेले, काटे तसेच. "दोन झाडं आन् मोगरा त्यानं तोडला. बाकी समदं मी तोडलं. आता इथं माती हाय. माती वाटून घ्या न्हाई तर इका, मला कायबी सांगू नका. पर त्या दारात गेलास तर आधी मला मारून जा."

पाइपवाला पोरगा एक पाऊल मागे सरला. तिच्या पोराने तिचे हात धरले, सोडले, परत धरले. बराच वेळ तो एक-एक काटा नखाने काढत राहिला आणि तिनं काढू दिला. मला वाटलं तो आता माझ्याकडे बघेल, काही बोलेल. त्यानं बघितलं नाही.

मग त्यानं विचारलं, "अण्णा कसे हायत?"

आल्यापासून बापाचं नाव त्यानं तेव्हा पहिल्यांदा घेतलं.